‘पॅशनेटली’ : एका इंग्रजी क्रियाविशेषणाचा अर्थ आणि मराठीतील भावनादर्शक क्रियाविशेषणे

१

इंग्रजीतील ‘पॅशनेटली’ हे क्रियाविशेषण मराठीत कसे आणावे, हा प्रश्न वरवर पाहता शब्दकोशाचा वाटतो. कोश उघडावा, ‘उत्कटतेने’, ‘आवेशाने’, ‘तीव्रतेने’ यांपैकी एक प्रतिशब्द उचलावा आणि पुढच्या वाक्याकडे वळावे, अशी आपली सर्वसाधारण रीत असते. प्रस्तुत लेखात असे दाखवावयाचे आहे की, हा प्रश्न प्रतिशब्दाचा नसून निर्णयाचा आहे. या एका शब्दात इंग्रजीने जे भाव एकत्र बांधले आहेत, ते मराठीने निरनिराळ्या शब्दांत वाटून ठेवले आहेत. त्यामुळे मूळ वाक्यात जे सांगितलेले नसते, तेही भाषांतरकाराला मराठीत ठरवावे लागते.

या विचाराला निमित्त एका उत्तरपत्रिकेचे झाले. मुंबईच्या पूर्व उपनगरातील एका महाविद्यालयात भाषांतराची चाचणी घेतली होती. उताऱ्यात एक शिक्षिका बंद पडू घातलेल्या शाळेविषयी पालकांच्या सभेत ‘पॅशनेटली’ बोलते, अशा आशयाचे वाक्य होते. बहुतेक विद्यार्थ्यांनी ‘ती उत्कटपणे बोलली’ असे लिहिले आणि मी ते बिनतक्रार मान्य केले. एका विद्यार्थिनीने मात्र ‘बाई पोटतिडकीने बोलल्या’ असे लिहिले होते. त्या शब्दाखाली मी लाल रेघ ओढली आणि समासात ‘बोलभाषेतील शब्द’ असा शेरा देऊन अर्धा गुण कापला. उत्तरपत्रिका हातात मिळाल्यावर ती घाटकोपरची मुलगी शांतपणे म्हणाली, ‘‘सर, उत्कटपणे कवितेत लिहितात. शाळा बंद पडत असताना बाई उत्कटपणे कशा बोलतील?’’ त्या दिवशी माझ्याजवळ उत्तर नव्हते. अर्धा गुण मी परत दिला. परंतु प्रश्न मिटला नाही. तो एका गुणाचा नसून मराठी शिकविणाऱ्याच्या कानाचा होता, हे ध्यानात यावयास काही काळ जावा लागला.

२

प्रथम मूळ इंग्रजी शब्दाचा विचार करू. ‘पॅशन’ या शब्दाचे मूळ लॅटिनमधील ‘सोसणे, भोगणे’ या अर्थाच्या धातूत आहे. रुग्णाला ‘पेशन्ट’ म्हणतात, सहनशीलतेला ‘पेशन्स’ म्हणतात आणि कर्मणी प्रयोगाला ‘पॅसिव्ह’ म्हणतात, ती सर्व याच धातूची संतती होय. या शब्दांचा समान गाभा असा की, माणूस येथे काही करीत नाही. त्याच्यावर काहीतरी येते आणि तो ते सोसतो. ख्रिस्ती परंपरेत ‘पॅशन’ म्हणजे क्रुसावरील मरणापर्यंतचे येशूचे दुःखसहन. फादर स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’त (१६१६) ही कथा मराठीत आली आहे. आजही अंधेरी-बोरिवलीच्या परिसरातील जुन्या गावठाणांत मराठीची एक बोली बोलणारा ईस्ट इंडियन कॅथलिक समाज राहतो. त्याच्या चर्चमध्ये गुड फ्रायडेच्या दिवशी याच दुःखसहनाच्या कथेचे वाचन होते. म्हणजे ‘पॅशन’ या शब्दाचा सर्वांत जुना अर्थ आपल्या उपनगरांत अद्याप नांदतो आहे. त्याच रस्त्यावरच्या एखाद्या क्लासच्या फलकावरील ‘पॅशन’ मात्र अगदी वेगळी असते.

सोसण्याच्या या अर्थावरून शब्द पुढे ‘मनाला व्यापणारी कोणतीही प्रबळ भावना’ या अर्थाकडे सरकला. या भावनेत प्रेम आले, द्वेष आला आणि विशेषतः राग आला. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या इंग्रजी कोशात ‘पॅशनेटली’चे दोन अर्थ दिलेले आहेत : एक प्रबळ मनःक्षोभाचा आणि दुसरा सरळ रागाचा. ‘पॅशनेट’ माणूस म्हणजे शीघ्रकोपी माणूस, हा अर्थ त्या काळी चांगला रूढ होता. आज तो मागे पडला आहे. आजच्या इंग्रजीत हे क्रियाविशेषण बहुधा तीन ठिकाणी भेटते : प्रणयाच्या वर्णनात, एखाद्या मताच्या किंवा कार्याच्या समर्थनात आणि छंद अथवा व्यवसाय यांविषयीच्या उत्साहात. नोकरीच्या अर्जात माणूस आपल्या कामाविषयी ‘पॅशनेट’ असल्याचे लिहितो, तेव्हा तो काही सोसतो आहे असे कोणालाच अभिप्रेत नसते. दुःखापासून उत्साहापर्यंतचा हा प्रवास अर्थविस्ताराचा आहे, तसाच अर्थ फिकट होण्याचाही आहे.

येथे एक सावधगिरी बाळगावयास हवी. इंग्रजीजवळ एकच शब्द आहे आणि मराठीजवळ पुष्कळ आहेत, असा सोपा व आत्मगौरवाचा निष्कर्ष काढता येणार नाही. ‘फर्वन्टली’ या शब्दाच्या मुळाशी उकळणे आहे, ‘आर्डन्टली’च्या मुळाशी जळणे आहे. फरक संख्येचा नाही. इंग्रजी बोलणाऱ्या सामान्य माणसाला ‘फर्वन्टली’तील उकळी आज ऐकू येत नाही, कारण ती लॅटिनमध्ये राहिली. ‘पोटतिडकीने’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला मात्र ‘पोट’ ऐकू येतेच. मराठीतील अशा अनेक शब्दांचे मूळ शब्दातच जागे आहे.

३

मराठीत प्रबळ भावनेने केलेल्या क्रियेचे वर्णन करणारे जे शब्द आहेत, त्यांची त्यांच्या मूळ कल्पनेप्रमाणे चार कुळे पाडता येतात.

पहिले कूळ उष्णतेचे. ‘तावातावाने’ यातील ‘ताव’ हा ‘ताप’ या संस्कृत शब्दापासून आलेला आहे. लोखंड तापवितात तो ताव. ‘तापून’, ‘भडकून’, ‘संतापाने’ हीदेखील याच कुळातील रूपे. ‘त्वेषाने’ याच्या जवळचे. संस्कृतात ‘त्वेष’ या शब्दाशी प्रखरतेची व तेजाची कल्पना निगडित आहे. या शब्दांत राग असतो किंवा रागाची छाया तरी असते. त्यांतही भेद आहे. तावातावाने भांडणारा माणूस थोडा हास्यास्पद वाटू शकतो. त्वेषाने लढणारा तसा वाटत नाही. उपनगरी गाडीत चौथ्या आसनावरून दोघे ‘तावातावाने’ बोलतात. तेथे ‘त्वेषाने’ हा शब्द घातल्यास वाक्य विनोदी होईल.

दुसरे कूळ वेदनेचे. ‘तिडीक’ म्हणजे एकाएकी उठणारी कळ. ती पोटात उठली की ‘पोटतिडीक’ होते. ‘कळ’ या शब्दाचा ध्वनी ‘कळकळ’ आणि ‘कळवळा’ यांत कानाला जाणवतो. ‘तळमळ’ म्हणजे अंथरुणावर कूस बदलत राहण्याची अस्वस्थता. तुकारामांनी पाण्याबाहेरच्या मासोळीच्या दृष्टान्ताशी ‘तळमळणे’ हे क्रियापद जोडले, तेव्हा या शब्दातील देहाची हालचाल त्यांनी कायमची दृश्य केली. या कुळाचे वैशिष्ट्य असे की, येथील वेदना बहुधा दुसऱ्यासाठी असते. स्वतःच्या पगारवाढीसाठी माणूस ‘तावातावाने’ बोलेल, ‘हिरीरीने’ बोलेल. ‘कळकळीने’ बोलला असे म्हणावयाचे, तर त्या मागणीत इतरांचे हित गुंतलेले असावे लागते. ‘पॅशन’चा मूळ अर्थ जो ‘सोसणे’, तो इंग्रजीच्या नित्य व्यवहारातून गेला. मराठीच्या या कुळाने तो आपल्या परीने सांभाळला आहे. इंग्रजी ‘कम्पॅशन’ म्हणजे सह-वेदना. ‘कळवळा’ हा शब्द त्याच्या अगदी शेजारी उभा आहे.

तिसरे कूळ संचाराचे. ‘आवेश’ या शब्दात ‘विश्’ म्हणजे ‘प्रवेश करणे’ हा धातू आहे. आवेश म्हणजे कोणीतरी आत शिरणे. आपण ज्याला ‘अंगात येणे’ म्हणतो, त्याचेच हे संस्कृत रूप. ‘झपाटून कामाला लागणे’ यातील ‘झपाटणे’ मूळचे भुताचे. ‘वेड्यासारखे प्रेम करणे’, ‘एखाद्या गोष्टीच्या नादी लागणे’, ‘ध्यास घेणे’ हे प्रयोग याच्या आसपासचे. येथे माणूस स्वतःचा राहत नाही. कला, छंद आणि व्यासंग यांविषयीचे आजचे ‘पॅशन’ मराठीत नेमके या कुळात बसते. गिरिभ्रमणाची ‘पॅशन’ असलेल्या मुलाला मराठीत डोंगरांनी ‘झपाटलेले’ असते किंवा त्याला त्यांचे ‘वेड’ असते.

चौथे कूळ जिवाचे. ‘जीव तोडून’, ‘जीव ओतून’, ‘जीव लावून’, ‘जिवापाड’, ‘जिवाच्या आकांताने’. या रचनांत भावनेचे मोजमाप जिवाने होते. मात्र प्रत्येकीचे क्षेत्र ठरलेले आहे. अभ्यास जीव तोडून करतात. चित्र जीव ओतून काढतात. परक्याच्या मुलाला जीव लावून वाढवितात. प्रेम जिवापाड असते. ओरडणे आणि पळणे जिवाच्या आकांताने होते. यांतील एकाच्या जागी दुसरे ठेवून पाहावे, म्हणजे भाषेची शिस्त किती कडक आहे हे कळते.

‘उत्कट’ हा शब्द या चारही कुळांच्या बाहेर राहतो. तो उत्तम शब्द आहे. रामदासांनी दासबोधात तो ‘मिळमिळीत’ या शब्दासमोर उभा केला आहे. परंतु तो भावनेची जात सांगत नाही, तिची मात्रा सांगतो. आधुनिक समीक्षेने त्याला भावकवितेच्या विवेचनात मानाचे स्थान दिले आणि तेव्हापासून तो साहित्याच्या वर्गात अधिक व घरात कमी ऐकू येतो. त्या विद्यार्थिनीने नेमके हेच ऐकले होते. सभेत बोलणाऱ्या बाईंच्या भावनेची केवळ मात्रा सांगून भागणार नव्हते. ती भावना वेदनेच्या कुळातील आहे आणि ती मुलांसाठी आहे, हे सांगणे आवश्यक होते.

४

आता व्याकरणाच्या बाजूने पाहू. दादोबा पांडुरंगांच्या व्याकरणापासून (१८३६) मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पर्यंत (१९११) आणि पुढेही मराठी क्रियाविशेषणांचा विचार झालेला आहे. भावनादर्शक शब्द अर्थदृष्ट्या रीतिवाचकांत मोडतात. रूपाच्या दृष्टीने मात्र त्यांतील फारच थोडे सिद्ध आहेत. बहुतेक साधित आहेत. इंग्रजीला विशेषणापुढे एक प्रत्यय लावून असे शब्द पाडता येतात. मराठी त्यासाठी निदान चार वाटा वापरते.

पहिली वाट तृतीयेची : कळकळीने, त्वेषाने, आवेशाने. दुसरी वाट ‘ऊन’ प्रत्ययान्त धातुसाधिताची : चिडून, तळमळून, झपाटून, ठणकावून, जीव तोडून. या दोन वाटांत सूक्ष्म अर्थभेद आहे. ‘तो रागाने बोलला’ यात राग बोलण्याचा सोबती आहे. ‘तो रागावून बोलला’ यात रागावणे ही आधी घडलेली स्वतंत्र क्रिया आहे. तिसरी वाट द्विरुक्तीची व अनुकरणाची : तावातावाने, ढसाढसा, खदाखदा, स्फुंदून स्फुंदून. हे शब्द विशिष्ट क्रियापदांशी बांधलेले असतात. ‘ढसाढसा’ म्हटले की ‘रडणे’ आलेच. रडण्याच्या तीव्रतेसाठी इंग्रजी ‘पॅशनेटली’ किंवा ‘बिटरली’ योजील. मराठीत ‘कडवटपणे रडली’ असे लिहिणाऱ्याने ओक्साबोक्शी, धाय मोकलून, हमसाहमशी, मुसमुसून हा सगळा ठेवा सोडून दिलेला असतो.

चौथी वाट सर्वांत महत्त्वाची असून भाषांतरात तिच्याकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. मराठीत ‘नाम + करणे’ अशी संयुक्त क्रियापदे विपुल आहेत : विरोध करणे, इन्कार करणे, विनंती करणे, प्रेम करणे. अशा ठिकाणी इंग्रजी क्रियाविशेषणाचा भार मराठीत पुष्कळदा त्या नामावर जातो आणि तेथे विशेषण येते. ‘कळकळीने विनंती करतो’ हे चूक नाही; परंतु सोसायटीच्या जिन्यातील फलकावर ‘सभासदांना कळकळीची विनंती’ असेच असते. त्याचप्रमाणे साफ इन्कार, ठाम नकार, तीव्र निषेध, जिवापाड प्रेम. ‘त्याने आरोप जोरदारपणे नाकारला’ हे वाक्य आपण वृत्तपत्रांत वारंवार वाचतो. ‘आरोपाचा साफ इन्कार केला’ हे मराठी वाक्य त्याच्या शेजारी ठेवले, म्हणजे पहिल्यातील अवघडलेपण व्याकरणाच्या पुस्तकाविनाही जाणवते. ‘कडाडून विरोध’ हा प्रयोग तर आणखी कुतूहलाचा आहे : येथे विजेच्या कडाडण्यापासून झालेले धातुसाधित नामाला बिलगून बसले आहे.

येथे ‘पणे’ या प्रत्ययाविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. या प्रत्ययावर काही अभ्यासक इंग्रजी अनुकरणाचा ठपका ठेवतात. तो न्याय्य नाही. ‘पण’ हा भाववाचक नामे बनविणारा मराठीचा जुना प्रत्यय असून ‘पणे’ हे त्याच्याच तृतीयेचे रूप आहे. ज्ञानेश्वरीच्या मराठीतही ‘पणें’ आहे. मोकळेपणाने, स्पष्टपणे, एकटेपणाने या रूपांत कोणताही परकेपणा नाही. दोष प्रत्ययाचा नसून यांत्रिकतेचा आहे. इंग्रजी शब्दाच्या शेपटाला ‘पणे’ हे एकच उत्तर ठरवून टाकले, म्हणजे उरलेल्या वाटांवर गवत उगवते.

५

भावनेचे शब्द झिजतात, ही गोष्टही या संदर्भात लक्षात घ्यावयास हवी. इंग्रजीत ‘टेरिबली’ आणि ‘ऑफुली’ हे मूळचे भयाचे शब्द आज केवळ ‘फार’ या अर्थाने वापरतात. मराठीतही ‘भयंकर आवडले’, ‘भयानक सुंदर’ असे सर्रास ऐकू येते. तेथे भय उरलेले नाही, परिमाण उरले आहे. रीतिवाचक शब्द परिमाणवाचक होणे ही कोणत्याही जिवंत भाषेतील स्वाभाविक घटना होय आणि तिच्याविषयी तक्रार करण्यात अर्थ नाही. ‘पॅशनेटली’ही त्याच उतारावर आहे. पूर्वी ज्यात सोसणे होते, त्यात आज पुष्कळदा ‘मनापासून’ यापेक्षा अधिक काही नसते. अशा वेळी भाषांतरात ‘पोटतिडकीने’ घालणे हीदेखील चूकच ठरेल. नोकरीच्या अर्जातील उमेदवार पोटतिडकीने काही सांगत नसतो. त्याच्यासाठी ‘मनापासून आवड आहे’ हे पुरेसे आहे. मूळ शब्द फिकट झालेला असताना प्रतिशब्द गडद निवडणे हा गडदाला फिकट करण्याइतकाच अपराध आहे.

म्हणून भाषांतरकाराने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत, असे सुचवावेसे वाटते. पहिला : येथे भावना कोणत्या कुळातील आहे – उष्णतेच्या, वेदनेच्या, संचाराच्या की जिवाच्या? दुसरा : ती कोणासाठी आहे, स्वतःसाठी की दुसऱ्यासाठी? तिसरा : मराठी वाक्यात तिचा भार कोणी उचलावयाचा – तृतीयान्त नामाने, धातुसाधिताने, क्रियापदाच्या ठरलेल्या सोबत्याने की नामाच्या विशेषणाने? एक उदाहरण घेऊ. वकील न्यायालयात आपल्या अशिलाची बाजू ‘पॅशनेटली’ मांडतो. तो फीसाठी उभा असून केवळ वक्तृत्व गाजवीत असेल, तर ‘आवेशाने’. अशील निरपराध आहे या खात्रीने तो अस्वस्थ असेल, तर ‘कळकळीने’ किंवा ‘पोटतिडकीने’. प्रतिपक्षाशी त्याची खडाजंगी चालू असेल, तर ‘तावातावाने’. अपयश समोर दिसत असूनही सर्व शक्ती पणाला लावीत असेल, तर ‘जीव तोडून’. इंग्रजी वाक्य एकच आहे. मराठी वाक्ये चार आहेत. योग्य वाक्य कोणते, हे उताऱ्याच्या आधीच्या व नंतरच्या ओळीच सांगू शकतात.

मोल्सवर्थ व कँडी यांच्या इंग्रजी-मराठी कोशापासून (१८४७) आपल्याकडे द्वैभाषिक कोशांची समृद्ध परंपरा आहे. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’ने (१९३२–३८) मराठी शब्दांचे भांडार एकत्र आणले. हे ग्रंथ आपल्याला पर्याय पुरवितात. तथापि प्रतिशब्दांची रांग म्हणजे निवड नव्हे. रांगेतील पहिला शब्द उचलण्याची सवय कोशकाराने लावलेली नाही. ती आपण वर्गात लावली आहे.

६

आपल्या उपनगरांतील मराठीच्या वर्गात आज कोकणातील, देशावरील, खानदेश-विदर्भातील घरांची मुले एकत्र बसतात. त्यांच्या कानावर गुजराती आणि हिंदी दिवसभर असते, इंग्रजी तर असतेच. ही मुले ‘मला नाटकाची पॅशन आहे’ असे म्हणतात, त्याचा मला विषाद वाटत नाही. मराठीने असे कितीतरी शब्द पचविले आहेत आणि हाही पचेल. चिंता वेगळीच आहे. घरातून ‘पोटतिडीक’, ‘कळवळा’, ‘जीव तोडून’ असे शब्द घेऊन आलेल्या मुलाला आपण शिष्टसंमत भाषेच्या नावाखाली ‘उत्कटपणे’ लिहावयास शिकवितो. घरी या शब्दांचा वारसा न मिळालेल्या मुलालाही तेच शिकवितो. परिणामी दोघेही एकाच रिकाम्या जागी येऊन पोहोचतात. इंग्रजीच्या आक्रमणाला आपण सहज दोष देतो. येथे मात्र लाल रेघ ओढणारा हात मराठीच्या शिक्षकाचा होता.

मराठीत करुणा पोटात राहते. दुसऱ्याचे दुःख पाहून आपल्या ‘पोटात तुटते’, ‘पोटात कालवते’; ‘मायेपोटी’, ‘प्रेमापोटी’ या रूपांत तर तेच ‘पोट’ शब्दयोगी होऊन कारणाचा अर्थ देऊ लागले आहे. त्या बाईंची शाळा वाचली की नाही, हे उताऱ्यात नव्हते. परंतु त्या पोटतिडकीने बोलल्या, एवढे त्या विद्यार्थिनीने अचूक सांगितले होते. तिच्या उत्तरात दुरुस्तीला जागा नव्हती. ती माझ्या शेऱ्यात होती.